रिसर्च असिस्टंटची पहिली नोकरी: जाहिरातीत नसलेल्या गोष्टी

‘माहिती संकलन, विश्लेषण आणि प्रकल्पाशी संबंधित इतर कामे.’ विद्यापीठातल्या संशोधन प्रकल्पाच्या नोकरीची जाहिरात साधारण अशीच असते, आणि रुजू झाल्यावर कळतं की त्यातली ‘इतर कामे’च सगळ्यात जास्त आहेत. बाटल्यांना लेबलं लावायची, फ्रीजरचं दार नीट लागलंय का बघायचं, मुलाखतीची वेळ देऊन फोन न उचलणाऱ्यांना पुन्हा फोन करायचे, गाडीभाड्याचं बिल कोणत्या शीर्षाखाली टाकायचं यावरून लेखा विभागाशी पत्रव्यवहार करायचा. अशा प्रकल्पांवर मी बरीच वर्षं काढली आहेत, आधी असिस्टंट म्हणून आणि पुढे नव्या असिस्टंटांना काम शिकवणारी म्हणून. येणारे सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

नोकरीचं गणित सोपं आहे. कुठल्या तरी संस्थेकडून ठरावीक मुदतीचा निधी मिळतो, त्यातून तुमचा पगार निघतो आणि निधी संपला की पद संपतं. मुदतवाढ मिळतेही, पण ती मिळणार की नाही हे बऱ्याचदा अगदी शेवटी कळतं. ही अनिश्चितता ज्यांना झेपणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. दोन-तीन वर्षांसाठी ही नोकरी उत्तम, कारण पीएचडी करावी की नाही हे दुसऱ्याच्या प्रकल्पावर काम करून जितकं कळतं तितकं पुस्तकं वाचून कळत नाही.

अर्ज करण्याआधी एक गोष्ट काढून घ्या: प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे? नुकता सुरू झाला असेल तर प्रोटोकॉल कसा ठरतो, पायलट (आधीची छोटी चाचणी) कशी करतात, प्रश्नावलीतले प्रश्न का बदलतात हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. शेवटच्या वर्षात गेलात तर आधीच्या तीन असिस्टंटांनी तीन तऱ्हांनी भरलेला डेटा निस्तरत बसावं लागतं. तेही शिक्षणच आहे म्हणा, पण पहिल्याच नोकरीत नको.

ईमेल लिहिताना ‘मला संशोधनाची अत्यंत आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. प्रमुख संशोधकांच्या इनबॉक्समध्ये अशी आवड रोज येऊन पडत असते. त्यांचा अलीकडचा एक पेपर घ्या, सारांश आणि निष्कर्ष सोडा, पद्धतीचा भाग वाचा आणि त्यावर एक खरा प्रश्न विचारा. नमुने सकाळीच का घेतले? दोन निरीक्षकांच्या नोंदी जुळतात का हे कसं तपासलं? असा प्रश्न विचारणारा उमेदवार लक्षात राहतो, कारण त्याला काम कशाचं आहे ते कळलेलं असतं.

मुलाखतीत मी स्वतः हमखास विचारते तो प्रश्न सांगून टाकते: ‘उपकरणाने एकदम विचित्र आकडा दाखवला तर काय कराल?’ ‘पुन्हा मोजून बरोबर आकडा लिहीन’ असं बरेच जण उत्तर देतात आणि तिथेच त्यांचं घोडं अडतं. पुन्हा मोजायला हरकत नाही, पण पहिला आकडाही तसाच राहिला पाहिजे, दुसऱ्यांदा मोजलं हे लिहिलं पाहिजे आणि वरिष्ठांच्या कानावर घातलं पाहिजे. काही ठिकाणी एक गबाळी एक्सेल फाइल देऊन ‘यात काय काय चुकलंय ते सांगा’ म्हणतात. ही परीक्षा गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगून जाते.

तुम्हीही त्यांना विचारा. करार कधी संपतो, रोजचं काम कोण बघणार, फिल्डवर एकट्याने जायचं आहे का, प्रवासाचे पैसे आधी मिळतात की नंतर, पेपरवर नाव येण्याबद्दल त्यांच्याकडे काय पद्धत आहे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, तरी विचारा.

आता मुद्द्याचं. अख्ख्या प्रकल्पात आकडा तयार होताना तिथे हजर असणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे तुम्ही. प्रमुख संशोधक तो आकडा तक्त्यात बघतात, संख्याशास्त्रज्ञ फाइलमध्ये, वाचक आलेखात. मोजताना काय झालं हे तुम्ही लिहिलं नाहीत तर ते पुढे कुणालाही कळण्याचा मार्ग नाही. डेटा गोळा करणं हे हमालीचं काम आणि विश्लेषण हे बुद्धीचं, अशी एक समजूत विद्यापीठांतसुद्धा आहे. मला ती साफ अमान्य आहे.

साधं उदाहरण घेऊ. तळ्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे, मोजायचा आहे. काठावर जाऊन मीटर बुडवला की झालं, असं वाटतं. प्रत्यक्षात सकाळी निघण्याआधी मीटर पीएच ७ च्या बफरमध्ये (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात) आणि मग ४ किंवा १० च्या बफरमध्ये कॅलिब्रेट करायचा, म्हणजे तो बरोबर आकडा दाखवेल असा जुळवून घ्यायचा, आणि कोणते बफर वापरले ते वहीत लिहायचं. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, टिशूने अलगद टिपायचा. घासून पुसला तर रीडिंग स्थिर व्हायला त्रास देतो. नमुन्यात बुडवल्यावर आकडा सरकत राहतो: ७.९, ७.८, परत ७.९. तो थांबेपर्यंत आपणही थांबायचं. मग पीएच, पाण्याचं तापमान, वेळ आणि जागेचा क्रमांक लिहायचा. हे झाले चार रकाने. पाचवा रकाना ‘शेरा’ नावाचा असतो, आणि नवखी मंडळी तो कोरा सोडतात. ‘काल रात्री पाऊस. पाणी गढूळ. पश्चिम काठावर शेवाळ्याचा थर, नमुना थराखालून घेतला.’ वर्षभराने पेपर परीक्षकाकडे जातो आणि तो विचारतो की या दोन दिवसांचे आकडे बाकीच्यांपासून इतके फटकून का आहेत. त्या वेळी सगळा प्रकल्प या एका ओळीवर तरतो. शेवाळं दिवसा प्रकाशसंश्लेषणात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतं, त्यामुळे दुपारकडे पीएच चढतो; म्हणजे वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा नुसता असून उपयोग नाही.

वही बांधीव असावी, सुटे कागद नकोत. पेन न पुसणाऱ्या शाईचं. पावसात किंवा ओल्या हातांनी लिहायचं असेल तर पेन्सिल बरी. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. खोडरबर आणि व्हाइटनर फिल्डवर न्यायचेच नाहीत. ‘नंतर आठवून लिहू’ हे ज्याने त्याने स्वतःपुरतं रद्द करून टाकावं.

रोज तेच तेच बघण्याचा कंटाळा येतो, हे खरं आहे. पण त्या कंटाळ्यातूनच एक नजर तयार होते. जोसलिन बेल १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडीची विद्यार्थिनी होती. रेडिओ दुर्बिणीतून रोज जवळजवळ ३० मीटर कागदी आलेख बाहेर पडायचा आणि तो ती नजरेखालून घालायची. त्यात पाव इंचाइतकी एक खरखर तिला दिसली. ती दूरच्या रेडिओ स्रोतांच्या लुकलुकीसारखी नव्हती आणि मानवनिर्मित व्यत्ययासारखीही नव्हती. दुसऱ्या कुणी ती कचरा म्हणून सोडून दिली असती. जास्त वेगाने कागद सरकवून नोंद घेतली तेव्हा साधारण १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके दिसले. तो पहिला पल्सार, म्हणजे स्वतःभोवती फिरताना ठरावीक अंतराने रेडिओ ठोके पाठवणारा तारा. या शोधाशी निगडित १९७४ चं नोबेल तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळालं, तिला नाही. त्यावर आजही वाद होतात. माझा मुद्दा वेगळा आहे. मीटरच्या मीटर कागद स्वतः बघितल्याशिवाय ‘हे नेहमीचं नाही’ हे कुणाला कळलंच नसतं.

विचित्र आकडा दिसला की पुसायचा नाही, त्यावर खूण करायची. अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जोसेफ फारमन, ब्रायन गार्डिनर आणि जॉनथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, ती जमिनीवरच्या केंद्रात वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने घेतलेल्या मोजमापांवरून. उपग्रहाच्या डेटातही ते कमी आकडे आले होते, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी म्हणून त्यांना ‘संशयास्पद’ अशी खूण लागली होती. खूणच लागली होती, आकडे जागेवर होते, म्हणून पुन्हा तपासता आले. तुमच्या फाइलमध्येही अशा खुणेसाठी वेगळा रकाना ठेवा.

माणसांकडून माहिती घ्यायची असेल तर आणखी एक उंबरठा आहे, नैतिकता समितीच्या परवानगीचा. ती हातात येण्याआधी एकही फॉर्म भरून घ्यायचा नाही, ‘ओळखीचेच आहेत, सहज विचारलं’ असंही चालत नाही. संमतीपत्र वाचून दाखवताना घाई होते, विशेषतः दिवसाच्या शेवटी. समोरच्याला मधेच उठून जायचा अधिकार आहे हे वाक्य नीट, डोळ्यांत बघून सांगावं. नावांची यादी एका फाइलमध्ये आणि उत्तरं सांकेतिक क्रमांकासह दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या तर क्रमांक देण्याचा उपयोग शून्य.

मुलाखती किंवा व्हिडिओ यांचं कोडिंग करायचं असेल, म्हणजे त्यातल्या गोष्टींना ठरलेले संकेत द्यायचे असतील, तर दोघांनी एकमेकांचं न बघता काही भाग कोड करावा आणि मग ताडून बघावं. यासाठी कोहेन कप्पा नावाचं माप वापरतात. आकडा कमी आला तर दोघांपैकी कोण बरोबर यावर वाद घालू नका, बहुतेक वेळा कोडबुकमधली (संकेतांचे अर्थ लिहिलेल्या यादीतली) व्याख्याच ढिली असते. ‘मूल अस्वस्थ आहे’ म्हणजे नेमकं काय? खुर्चीतून उठलं? मान फिरवली? किती वेळ? हे ठरेपर्यंत पुढचं कोडिंग थांबवायचं.

आता संगणकाकडे. एक्सेलला नावं ठेवण्यात मला रस नाही, सगळं जग त्यावर चालतं. पण ते मदत करायला जातं आणि घोटाळा करून ठेवतं, हे माहीत हवं. मार्च१, सेप्ट१ अशा नावांची जनुकं होती. एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत असं दिसलं की जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण एकपंचमांश पेपरांत असली गडबड होती. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नमतं घेतलं आणि जनुकांचीच नावं मार्चएफ१, सेप्टिन१ अशी करून टाकली. त्या वेळी शास्त्र बदललं, एक्सेल नाही! तेव्हा तारखा वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहा, जिथे आकड्यांचा किंवा तारखांचा अर्थ लावायचा नाही तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा, आणि पिवळा रंग म्हणजे ‘शंका’, हिरवा म्हणजे ‘तपासलं’ असले रंगांचे संकेत बंद करा. फाइल सीएसव्हीमध्ये (नुसत्या मजकुराच्या साध्या फाइलमध्ये) गेली की रंग उडतात आणि अर्थही उडतो.

रिकामा चौकोन, शून्य आणि ‘लागू नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. रिकामा म्हणजे मोजलंच नाही, किंवा मोजलं पण लिहिलं नाही, किंवा लिहिलं पण टाइप केलं नाही. यातलं कोणतं, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. प्रत्येकाला वेगळा संकेत द्या आणि तो कोडबुकमध्ये लिहा. काही जण न मिळालेल्या मूल्यासाठी -९९९ लिहितात. चालेल, पण मग सरासरी काढण्याआधी तो काढायची आठवण प्रोग्रॅमच्या कोडमध्येच असू द्या, नाहीतर तळ्याचं तापमान उणे निघतं आणि सगळे कपाळाला हात लावतात.

मूळ डेटाची फाइल ‘फक्त वाचता येईल’ अशी करून वेगळी ठेवायची. तिला हात लावायचा नाही. साफसफाई, दुरुस्त्या, नवे रकाने, सगळं कोडमधून आणि दुसऱ्या फाइलमध्ये. विश्लेषणासाठी आर शिकावं की पायथन, या दोन प्रोग्रॅमिंग भाषांबद्दलचा प्रश्न मला सतत येतो. तुमच्या लॅबमध्ये जे वापरतात ते. अडल्यावर शेजारच्या टेबलावर विचारता आलं पाहिजे, बाकी फरक नवख्याला पडत नाही. कोडमधून काम केलं की प्रत्येक पायरी उरते, माउसने केलेल्या कामाचा मागमूस उरत नाही.

विश्लेषणाचा सराव म्हणून मी नव्या मुलांना एक काम देते: आपल्याच प्रकल्पाच्या जुन्या पेपरमधला एक तक्ता घ्या आणि मूळ डेटावरून तोच तक्ता पुन्हा तयार करा. चार ओळींचा तक्ता असतो, पण आठवडा जातो. असाच वर्गातला गृहपाठ म्हणून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस हर्नडन याने अर्थशास्त्रातला एक फार गाजलेला पेपर पुन्हा करून बघितला आणि त्याचे आकडे जुळेनात. लेखकांकडून त्यांची एक्सेल फाइल मिळाली, तेव्हा सरासरीच्या सूत्रात पाच देश सुटलेले दिसले. शिवाय काही वर्षं वगळली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धत शंकास्पद होती. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ मूळ पेपरात उणे ०.१ टक्के होती. फेरमांडणीत ती २.२ टक्के निघाली. २०१३ ची ही गोष्ट. नामवंत प्राध्यापकांचं काम एका विद्यार्थ्याने तपासू नये असा नियम कुठेही नाही.

कोणतीही संख्याशास्त्रीय चाचणी लावण्याआधी आलेख काढा. फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये चार छोटे डेटासंच मांडले होते. चारहींची सरासरी, प्रसरण (आकडे किती पसरलेत ते), सहसंबंध, सगळं जवळजवळ सारखं, पण आलेख काढला की एक साधी तिरकी रेघ, एक वक्र, आणि दोन ठिकाणी एकाच भलत्या बिंदूने सगळं ओढून नेलेलं. हे चार आलेख प्रत्येकाने एकदा स्वतः काढून बघावेत.

एक अवघड प्रसंग प्रत्येकावर येतो. निकाल अपेक्षेसारखा येत नाही आणि प्रमुख संशोधक मॅडम म्हणतात, ‘वयोगट वेगळे करून बघ ना जरा.’ मग ‘फक्त मुलींचं बघ.’ मग ‘ते दोन टोकाचे आकडे काढून बघ.’ यात वाईट हेतू असतोच असं नाही, उत्सुकताही असते. पण वीस तऱ्हांनी बघितलं तर एखादी तऱ्हा नुसत्या योगायोगानेही ‘लक्षणीय’, म्हणजे संख्याशास्त्राच्या कसोटीवर खरी वाटणारी, निघते. तुम्ही कनिष्ठ आहात, तोंडावर नाही म्हणणं जमत नाही. त्यावर माझा तोडगा असा: सांगितलेलं सगळं करायचं, पण केलेल्या प्रत्येक प्रयत्नाची तारखेसह यादी ठेवायची आणि निकालासोबत तीच यादी पाठवायची. ‘मॅडम, आतापर्यंत बघितलेल्या सगळ्या मांडण्या सोबत जोडल्या आहेत. पेपरात यातल्या किती दाखवायच्या?’ सभ्य प्रश्न आहे आणि काम करतो. करत नसेल तर त्या लॅबबद्दल तुम्हाला कळायचं ते कळलं.

माणसांबद्दल थोडंसं. प्रमुख संशोधक आठवड्यातून एकदा भेटतील. रोजचं शिक्षण पोस्टडॉककडून (पीएचडीनंतर संशोधन करणाऱ्यांकडून) आणि लॅबच्या तंत्रज्ञाकडून होतं. कोणता सेंट्रिफ्यूज आवाज करतो, कोणता मीटर दुपारनंतर भरकटतो, हे तंत्रज्ञाला पाठ असतं आणि कुठेही लिहिलेलं नसतं. त्यांच्याशी वाकडं घेऊ नका.

पेपरवर नाव. अनेक शाखांत, विशेषतः वैद्यकीय, नुसता डेटा गोळा केला म्हणून लेखक मानत नाहीत, आभारात नाव येतं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि कामाची जबाबदारी. चारही लागतात. म्हणून डेटा गोळा करून होत आला की स्वतः होऊन म्हणा, ‘पद्धतीच्या भागाचा पहिला मसुदा मी लिहू का?’ तो भाग तुमच्याइतका कुणालाच माहीत नसतो आणि बाकीच्यांना लिहायचा कंटाळा असतो, त्यामुळे बहुधा होकार मिळतो. शाखेप्रमाणे रीत बदलते, त्यामुळे लेखक म्हणून नाव येण्याबद्दलचं बोलणं पहिल्या दोन-तीन महिन्यांत करून ठेवलेलं बरं. पेपर छापायला जाताना विषय काढला तर सगळ्यांनाच अवघड होतं.

करार संपण्याच्या दीड-दोन महिने आधीपासून हस्तांतराची फाइल लिहायला घ्या. कोणती फाइल कुठे, कोणता कोड आधी चालवायचा, कोणत्या नमुन्यांच्या बाटल्या फ्रीजरच्या कोणत्या कप्प्यात, काय अर्धवट आहे. मग ती फाइल प्रकल्पाबाहेरच्या एखाद्या मैत्रिणीला द्या आणि तिला एक तक्ता तयार करायला सांगा. ती जिथे अडेल तिथे तुमचं लिहिणं अपुरं आहे. हा प्रयोग नावं आणि खासगी माहिती नसलेल्या नमुना डेटावरच करायचा, हे वेगळं सांगायला नको.

डेटा तुमचा नसतो, तो सोबत नेता येत नाही. स्वतः लिहिलेला कोड नेता येतो का, हे लेखी विचारून घ्या. विद्यापीठाचा ईमेल करार संपल्यावर बहुतेक ठिकाणी बंद होतो, त्यामुळे शिफारसपत्रासाठीची विनंती तो चालू असतानाच पाठवा, खाली स्वतःचा खासगी पत्ता द्या, आणि सोबत आपण केलेल्या कामांची अर्ध्या पानाची यादी जोडा. पत्र लिहिणाऱ्याला तुमचं सगळं काम आठवत नसतं.